मार्केटिंगची जागा सरकारी विद्यापीठातच

उधना-मगदल्ला रस्त्यावरच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची स्थापना १९६५ची. सुरतेच्या पेठांपासून डांगच्या आदिवासी पाड्यांपर्यंतची मुले त्याच्या परीक्षा देतात. बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए. अशा वेगवेगळ्या वाटांनी त्यांच्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला मार्केटिंग हा विषय येतो. त्यांत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथल्या खानदेशी घरांतली मुले-मुलीही आहेत. आईवडील किंवा आजी-आजोबा जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, आणि पदवीच्या पुस्तकात इंग्रजी.

या मुलांना सल्ला एकच मिळतो. मार्केटिंग कधी कॉलेजात शिकतात का? रिंग रोडवरच्या एखाद्या कापडाच्या दुकानात सहा महिने बसा, आपोआप येईल. शिकायचीच हौस असेल तर मोठ्या नावाच्या खासगी संस्थेत जा. सरकारी विद्यापीठात नुसता पदवीचा कागद मिळतो.

या सल्ल्यात दोन समजुती एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मार्केटिंग म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळी माल उतरवण्याचे कसब, ही पहिली. ते कसब एक तर अनुभवाने येते नाही तर पैशाने विकत घेता येते, सरकारी विद्यापीठाला ते जमत नाही, ही दुसरी. दोन्ही उथळ आहेत. वस्तू तयार करणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये कोण उभे असते, कोण किती जोखीम उचलतो, कोण कोणाला किती दिवस थांबवतो आणि शेवटच्या रुपयातला किती वाटा कोणाकडे जातो, याचा अभ्यास म्हणजे मार्केटिंग. जाहिरात आणि विक्रीकौशल्य ही त्याची दोन दालने. विषय असा समजून घेतला की त्याची जागा मोठ्या सरकारी विद्यापीठातच आहे हे मान्य करावे लागते. आजची विद्यापीठे खासगी संस्थांशी बरोबरी करत नाहीत, हा त्यांचा खरा दोष नव्हे. आपल्या दारातल्या बाजाराकडे ती पुरेशी पाहत नाहीत, हा आहे.

विषय जन्मला कुठे

मार्केटिंग हा विद्यापीठीय विषय कंपन्यांच्या कचेऱ्यांत जन्मला, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. या विषयाच्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांपैकी एक १९०२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एडवर्ड डेव्हिड जोन्स यांनी शिकवला. त्याच सुमारास इलिनॉय आणि कॅलिफोर्निया इथेही असे वर्ग सुरू झाले. तिन्ही विद्यापीठे सरकारी, आणि मोठी. पुढच्या दशकात विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठात बेंजामिन हिबर्ड आणि त्यांचे सहकारी लोणी आणि चीज शेतावरून शहरात कसे जाते याच्या मागावर होते. शेतकरी विचारत होता की शहरातले गिऱ्हाईक एवढे पैसे मोजते, मग आपल्या हाती इतके कमी का येते. त्या प्रश्नाने या विषयाला चालना दिली.

मिनेसोटा विद्यापीठातल्या एल. डी. एच. वेल्ड यांची हकीकत इथे महत्त्वाची आहे. धान्य, लोणी, अंडी कोणत्या हातांतून कुठवर जातात हे त्यांनी प्रत्यक्ष तपासले, आणि मधला व्यापारी सरसकट लुटारू नसतो, काही कामे तो स्वस्तात करतो, असे मत मांडले. शेतकऱ्यांच्या राज्यात हे बोलणे महागात पडण्यासारखे होते. घातक विचार शिकवतात म्हणून त्यांना विधिमंडळाच्या समितीपुढे जाब द्यावा लागला. १९१६ मध्ये शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यांचा निष्कर्ष पटो वा न पटो, निष्कर्ष लोकांना रुचला नाही तरी तो मांडता येईल अशी जागा त्यांना मिळाली होती, आणि ती सरकारी विद्यापीठाने दिली होती. कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत व्यापाऱ्याच्या बाजूने बोलणे सोपे. विरुद्ध बोलणे अवघड. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात दोन्ही बाजूंनी अडचण येते, म्हणूनच तिथे दोन्ही बाजू तपासल्या जाण्याची शक्यता असते.

गाडगीळांची वाट सुरतेवरून जाते

मराठी वाचकाला यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. धनंजयराव गाडगीळ १९२५ ते १९३० या काळात सुरतच्या एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. तिथून ते पुण्याला गेले आणि १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी घेतली. या संस्थेने सुरुवातीच्या वर्षांतच जी कामे हाती घेतली त्यांत पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी होती. १९३३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या पिशवीत कसे पडते आणि मधल्या वाटेवर कोण काय घेतो, असा तिचा विषय. आजच्या एम.बी.ए.च्या विद्यार्थ्याला कोणी सांगितले नाही तर ती अर्थशास्त्राची पाहणी वाटेल, पण मार्केटिंगचा याहून शुद्ध अभ्यास दाखवणे कठीण आहे.

पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा करताना हेच गाडगीळ होते. उत्पादक आणि बाजार यांच्यामधली जागा उत्पादकानेच घ्यावी, हा सहकाराचा गाभा. साखर असो वा दूध, विक्रीची साखळी कुठे तुटते आणि पैसा कुठे गळतो हे आधी ठाऊक असल्याशिवाय अशी संस्था उभी राहत नाही. सुरत जिल्ह्यात १९५१ मध्ये स्थापन झालेला सुमुल दूध संघही त्याच जातकुळीचा. गाडगीळांच्या नियोजन मंडळातल्या कामाची चर्चा पुष्कळ होते, फळबाजाराच्या पाहणीची होत नाही. वाणिज्य शाखेने तरी ती पहिल्या वर्षाला वाचायला लावावी.

रिंग रोड काय शिकवतो

आता सहा महिने दुकानात बसण्याच्या सल्ल्याकडे वळू. त्यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सुरतेचा कापडबाजार पाहिल्याशिवाय मार्केटिंग शिकवणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहणे शिकवणे. पण दुकानात बसलेल्याला नेमके काय दिसते?

एका साध्या पॉलिएस्टर साडीची वाट पाहू. लूमवाला धागा घेतो, बहुतेक वेळा उधारीवर. पांडेसरा किंवा उधन्यातल्या खात्यात त्याचे ग्रे, म्हणजे न रंगवलेले, कापड निघते, ताक्यांच्या हिशेबाने. ते दलालामार्फत रिंग रोडवरच्या व्यापाऱ्याकडे जाते. व्यापारी ते मिलमध्ये, म्हणजे रंगाई-छपाईच्या कारखान्यात, मजुरीवर देतो. तिथून माल एम्ब्रॉयडरीला जातो. मग लेस लावणे, टिकल्या चिकटवणे, धागे कापणे ही कामे वस्तीतल्या बायकांकडे घरी जातात, नगावर मजुरी ठरवून. घडी, पॅकिंग, पार्सल. पुढे एजंट आणि आडते, मग बाहेरगावचा घाऊक व्यापारी, आणि शेवटी जळगावच्या फुले मार्केटातला किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातला दुकानदार.

या वाटेवर माल पुढे सरकतो, पण पैसा त्याच वेगाने मागे येत नाही. प्रत्येक टप्प्यावर मुदत असते. उधारीची मुदत आणि तिचे नियम यांना बाजारात धारा म्हणतात. लवकर पैसे देणाऱ्याला वटाव मिळतो. उशीर करणाऱ्याच्या नावाची कुजबूज होते. हंगाम पडला की माल परत येतो आणि तो कोणी सोसायचा यावर भांडण होते. पाठ्यपुस्तकात किंमत हा एक आकडा असतो. सुरतेत आकडा, दिवस आणि माणसाची पत या तिन्हींची मिळून किंमत होते. तीच साडी रोख घेणाऱ्याला एका भावाने आणि तीन महिन्यांनी देणाऱ्याला दुसऱ्या भावाने मिळते, आणि ज्याची पत नाही त्याला ती कोणत्याच भावाने मिळत नाही.

दुकानात बसलेला मुलगा हे शिकतो, पण आपल्या कडीपुरते. लूमवाल्याला धागा किती दिवसांच्या बोलीवर मिळाला हे त्याला कळत नाही. टिकल्या लावणारीला नगामागे काय मिळाले हे त्याला विचारावेसेही वाटत नाही. जळगावच्या दुकानदाराने साडीवर किती चढवले, हे त्याच्या शेठलाही ठाऊक नसते. शिवाय बाजारातले सगळ्यांत मौल्यवान ज्ञान, म्हणजे कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण बुडवतो, हे प्रत्येक व्यापाऱ्याचे खासगी भांडवल आहे. ते तो नोकराला सांगणार नाही, आणि त्याने का सांगावे? बाजारात ज्ञान भरपूर आहे. ते एकत्र करणारा कोणी नाही. अनुभव आणि अभ्यास यांतला फरक इथे पडतो.

याची किंमत सगळ्या बाजाराला मोजावी लागते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत ही तरतूद २००६च्या कायद्यात होतीच. २०२३च्या वित्त कायद्याने तिला प्राप्तिकराची धार दिली: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, आणि त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळणार नाही. ३१ मार्च २०२४ जवळ आला तसा सुरतेचा बाजार अस्वस्थ झाला. बाहेरगावचे व्यापारी माल परत पाठवतील, छोट्या नोंदणीकृत पुरवठादाराऐवजी मोठ्याकडून किंवा नोंदणी नसलेल्याकडून खरेदी करतील, अशी भीती होती. मुदतवाढीची मागणी झाली. ज्या लहान माणसाच्या रक्षणासाठी नियम केला तोच त्याला भिऊ लागला. उधारी हा सुरतेत किमतीचाच भाग आहे आणि ती काढली की भाव, खरेदीदार आणि जोखीम सगळेच हलते, हे समजून घेण्यासाठी टप्प्याटप्प्याच्या दिवसांची वर्षानुवर्षांची मोजणी लागते. व्यापाऱ्यांच्या संघटना निवेदने देऊ शकतात, सनदी लेखापाल कायदा समजावू शकतात. निःपक्ष मोजणी करू शकेल अशी संस्था या शहरात विद्यापीठच आहे.

जुलै २०१७ मध्ये जीएसटीविरुद्ध सुरतेची कापड मार्केटे बंद राहिली, प्रचंड मोर्चे निघाले. बातम्यांत ते कराच्या दराचे भांडण दिसले. आतून ते पुष्कळ अंशी साखळीचे होते: आजवर बोलण्यावर आणि चिठ्ठीवर चाललेला व्यवहार प्रत्येक टप्प्यावर बिलात लिहावा लागणार होता.

मोबाइलवरचे दुकान

इथे एक ताजा आक्षेप येतो. आता रिंग रोडही जुना झाला. मीशोसारख्या मंचावर कोणीही दुकान काढतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणे बंद केले, आणि स्वस्त साड्या-कुर्त्यांचा सुरत हा मोठा पुरवठादार ठरला. एका खोलीत माल, एका मोबाइलवर कॅटलॉग. पदवी कुठे लागली?

माल चढवायला लागली नाही, हे खरे. पण टिकायला काय लागते ते पाहावे. एकाच घाऊक व्यापाऱ्याची तीच साडी अनेक जण त्याच फोटोसह विकतात. मग भाव पाडण्यापलीकडे हातात काही उरत नाही. गिऱ्हाईक पैसे दारात देणार. पार्सल दारातून परत आले की त्याला बाजारात आरटीओ म्हणतात. परत आलेली साडी चुरगळलेली, कधी पाकीटच बदललेले. शंभर पार्सलांत किती परत आली की नफा संपतो, जाहिरातीवर दर विक्रीमागे किती खर्च परवडतो, रंग फोटोत खरा दाखवला तर परतावा किती घटतो, हे गणित आहे. परिव्यय लेखांकन ज्या इमारतीत शिकवतात त्याच इमारतीत मार्केटिंग शिकवतात. दोन विषयांचे शिक्षक एकत्र बसले तर एका सत्रात हे गणित विद्यार्थ्याच्या हातात देता येईल. मोबाइलवरच्या फुकट चित्रफिती मंचावर चढायला शिकवतात. मंचाने उद्या नियम बदलले तर काय करायचे, हे त्या शिकवत नाहीत, कारण त्यांतल्या पुष्कळशा मंचाच्या किंवा मंचावर सेवा विकणाऱ्यांच्याच असतात.

पैलू इथे पडतो, हौस दुसरीकडे जन्मते

जगातल्या बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात. पण लग्नाच्या मागणीला हिऱ्याची अंगठी हवी, ही हौस सुरतेने निर्माण केलेली नाही. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका जाहिरातसंस्थेत फ्रान्सिस गेरेटी यांनी डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी हिरा कायमचा असतो अशा अर्थाचे वाक्य लिहिले आणि अमेरिकेपासून जपानपर्यंत एक रूढी घडवली गेली. हात सुरतेचे, रूढी बाहेरची. आणि मागणी घसरली की घरी बसतो तो वराछा-कतारगामचा रत्नकलाकार, म्हणजे पैलू पाडणारा कारागीर.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याने हा धडा आणखी स्पष्ट केला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हिऱ्याच्या व्याख्येतून नैसर्गिकतेची अट काढली. त्याच वर्षी डी बिअर्सने असे हिरे कॅरटला ८०० डॉलर या सरळ दराने बाजारात आणले, आणि खाणीतल्या हिऱ्यापासून ते मुद्दाम वेगळे, हौसेची स्वस्त चीज म्हणून मांडले. सुरतेत दोन्ही प्रकारचे हिरे घडतात. एक वस्तू दुर्मीळ कशी ठरते, दुसरी सामान्य कशी ठरते, हे ठरवणारी टेबले दूर आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये खजोदला सुरत डायमंड बोर्सची अवाढव्य इमारत खुली झाली तेव्हा व्यापाराची जागा इथे आणण्याची आकांक्षा होती. इमारतीने जागा मिळते, मागणी घडवण्याची विद्या मिळत नाही. ती विद्या मुंबई-न्यूयॉर्कच्या जाहिरातसंस्थांकडून भाड्याने आणायची की इथल्या मुलांना शिकवायची, हा सुरतेपुढचा खरा आर्थिक प्रश्न आहे, आणि विद्यापीठात त्याची चर्चा पहिल्या तासाला व्हायला हवी.

सरकारीच का

आतापर्यंत अभ्यासाची गरज दिसली. तो खासगी संस्थेत का होऊ नये? अहमदाबादेत आयआयएम आहे, १९९१ पासून जाहिरात-संज्ञापनाची मायका आहे, दोन्ही मातबर. त्यांचे काम हलके लेखण्याचे कारण नाही. आयआयएम सरकारनेच उभारली, पण तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी आज वीस लाखांच्या वर आहे आणि प्रवेश देशभरातल्या चाळणीतून होतो. अशा चाळणीतून येणारा वर्ग हुशार असतो, पण समाजाच्या एका पट्ट्यातला असतो.

उधन्याकडच्या एखाद्या वाणिज्य महाविद्यालयाचा वर्ग निराळा आहे. तिथे लूमवाल्याची मुलगी असू शकते, दलालाचा मुलगा असू शकतो. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बारा तास उभा राहणारा बाप, घरी टिकल्या लावणारी आई, रिंग रोडवर पार्सल उचलणारा मामा, डांगमध्ये नागली आणि भात पिकवणारे आजोबा, ही माणसे बाकांवरच्या मुलांच्या घरची असतात. वर साडीची जी साखळी सांगितली तिच्या जवळजवळ सगळ्या कड्या एका वर्गात बसलेल्या असतात. जगातल्या नामांकित संस्था असा वर्ग पैसे देऊनही जमवू शकत नाहीत. शिक्षकाने एवढेच विचारायचे की तुमच्या घरी या कामाचे पैसे किती दिवसांनी येतात. उत्तरे फळ्यावर लिहिली की जे दिसेल ते कोणत्याही आयात पुस्तकात नाही.

दुसरे कारण शेजाराचे. विद्यापीठाच्याच आवारात सेंटर फॉर सोशल स्टडीज आहे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये प्रादेशिक विकासाच्या अभ्यासासाठी ती संस्था सुरू केली. दक्षिण गुजरातच्या स्थलांतरित मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६०च्या दशकापासून केलेले काम जगभर वाचले जाते. म्हणजे श्रमाचा अभ्यास इथे पन्नासहून अधिक वर्षे मुरलेला आहे. विक्रीचा अभ्यास करणाऱ्यांनी त्या इमारतीत जाऊन बसायला हवे. उधना स्थानकावर जळगाव-भुसावळकडची ताप्ती लाइन येऊन मिळते. सप्टेंबर २०२५ पासून ओडिशातल्या ब्रह्मपूरहून अमृत भारत एक्स्प्रेसही येते. या गाड्यांतून जो मजूर उतरतो तोच महिन्याअखेरीस दिव्याखालच्या हातगाडीवरून शर्ट घेणारा ग्राहकही असतो. श्रमशास्त्राला त्याचा पगार दिसतो, मार्केटिंगला त्याची खरेदी. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर त्या माणसाचे पूर्ण चित्र मिळेल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप नोकरीचा: हे सगळे ठीक, पण मुलांना नोकरी हवी. बरोबर आहे, आणि या मुलांना ती लवकर हवी असते, कारण घर थांबलेले असते. पण व्याख्या घोकून मिळणाऱ्या पदवीने आज कोणती नोकरी मिळते? एखाद्या साडी-ब्रँडला, बँकेच्या लघुकर्ज विभागाला, मालवाहतूक कंपनीला ज्याने तीन टप्प्यांवरची उधारी स्वतः मोजली आहे असा विद्यार्थी अधिक उपयोगाचा.

दुसरा आक्षेप यंत्रणेचा. मोठे सरकारी विद्यापीठ सुस्त असते. अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतात, शिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत, परीक्षा आणि निकाल यांतच ताकद संपते. हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. २०२३च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यातली अकरा विद्यापीठे एका छत्राखाली आणली. एकसारखेपणा वाढला की स्थानिक प्रयोगाला जागा कमी होण्याची धास्ती रास्तच आहे. तरीही पूर्ण अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात प्रकल्प आणि कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. ती जागा आजच उपलब्ध आहे. ती कुठल्यातरी कंपनीचे प्रमाणपत्र जोडून भरायची की बाजारात उतरून, हे महाविद्यालयाच्या हातात आहे.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. लोकांच्या पैशातून विक्रीचे शास्त्र का शिकवावे? गरज नसलेली वस्तू गळ्यात मारणे, कर्जावर मोबाइल, गोरेपणाचे मलम, विम्याच्या नावाखाली भलतीच योजना, हे करणारी माणसे सरकारी विद्यापीठाने का घडवावीत? मराठी विचारविश्वात व्यापाराविषयी एक जुना संकोच आहे आणि हा प्रश्न त्यातूनही येतो; पण तेवढ्यावरून तो बाजूला सारता येत नाही.

त्याचे उत्तर ग्राहकाकडून द्यावे लागते. १९७०च्या दशकात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची आणि आपसांत वाटण्याची पद्धत बसवली. हे मार्केटिंगच होते, फक्त ते ग्राहकाने स्वतःसाठी केले. अहमदाबादेत १९७८ मध्ये ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली: खोटी घाई दाखवणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे. हे प्रकार ओळखायला तेच ज्ञान लागते जे ते रचायला लागते. रचणाऱ्यांना शिकवायला खासगी संस्था तयार आहेत, फीही घेतात. ओळखणारे तयार करण्याचा खर्च कोण करणार? नियामक संस्थेला, ग्राहक मंचाला, पालिकेला, सहकारी संघाला मार्केटिंग जाणणारी माणसे हवी असतात आणि ती जास्त पगार देऊ शकत नाहीत. सार्वजनिक पैसा इथेच खर्च व्हायला हवा.

भाषा ही उणीव नव्हे

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी, उर्दू, ओडिया, तेलुगू. ज्या शहराची पालिका सात भाषांत शिकवते त्या शहरातला बाजार सात भाषांत बोलतो. उधन्याची मुलगी घरी अहिराणी, शेजारी ओडियाचे चार शब्द, दुकानात गुजराती आणि फोनवर धुळ्याच्या गिऱ्हाइकाशी मराठी बोलते. पदवीच्या वर्गात मात्र ही तिची अडचण समजली जाते, कारण पुस्तक इंग्रजी आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी किंवा गुजराती. कोटलरचे मार्केटिंगवरचे १९६७चे पाठ्यपुस्तक, त्याच्या पुढच्या आवृत्त्या, त्यांचीही गाइडे: या उतरंडीत तिच्या चार भाषांना जागा नाही. आणि मार्केटिंगचे अर्धे काम म्हणजे गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलून त्याला काय हवे ते समजून घेणे! सर्वेक्षणाची प्रश्नावली जिला अहिराणीत विचारता येते, तिला मजूर वस्तीत खरी उत्तरे मिळतात. इंग्रजी येऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण बाजाराच्या पाहणीला गुण देताना मराठीत किंवा हिंदीत घेतलेल्या मुलाखतींची नोंद ग्राह्य धरली, तर विद्यापीठाला एका पैशाचाही खर्च येणार नाही.

प्रत्यक्षात सुरुवात छोटी करता येईल. एका महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाने एकच साडी निवडावी, भाव चारशे-पाचशेच्या आतली. धाग्यापासून फुले मार्केटच्या काउंटरपर्यंत प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी लिहाव्यात: मजुरी किंवा भाव, पैसे किती दिवसांनी आले, माल परत आला तर नुकसान कोणी सोसले, आणि त्या माणसाला पुढच्या टप्प्याचा भाव ठाऊक होता का. नावे गुप्त ठेवावीत. त्याशिवाय कोणी बोलणार नाही. जळगावचा टप्पा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या एखाद्या वाणिज्य विभागाबरोबर वाटून घेता येईल. ताप्ती लाइनवरून सकाळी निघून काम करून येता येते. अहवाल गुजराती आणि मराठीत छापून लूममालकांच्या संघटनेला, रिंग रोडच्या व्यापारी महासंघाला आणि वस्तीतल्या बचतगटांना एकाच दिवशी द्यावा, म्हणजे कोणालाच तो आधी वाचण्याचा फायदा होणार नाही. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच साडी पुन्हा घ्यावी आणि पैसे येण्याचे दिवस वाढले की घटले ते पाहावे.